सावली मोजणारे भोईर मास्तर

भोईर मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डोक्यावर ओलं फडकं घेऊन भर उन्हात गुडघ्यांवर बसले होते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मुरबाडहून धसई आणि धसईहून पुढे दीड कोस, अशी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत मी त्या गावी पोचले होते. वय चोवीस, कपाळ पांढरं, ट्रंकेत दोन पातळं आणि व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला. मुली शाळेत याव्यात म्हणून तिथे एक बाई नेमायची ठरलं होतं, ती मी. गाडी शाळेच्या अंगणात थांबली. अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीचा बांबू रोवलेला होता आणि एक काळा, काटकुळा माणूस त्याच्या सावलीच्या टोकाशी खुंटी ठोकत होता. मी उतरले, खाकरले. मान वर न करता तो म्हणाला, "बाई, जरा थांबा. सूर्य थांबायचा नाय."

पाच मिनिटं मी ट्रंकेवर बसून राहिले. मग त्यांनी दोरीने सावली मोजली, कानामागची पेन्सिल काढून वहीत आकडा लिहिला, धोतराला हात पुसले आणि एकदम पुस्तकी मराठीत म्हणाले, "यावे. आपलीच वाट पाहत होतो."

त्यांच्या या दोन भाषा होत्या. वर्गात फळ्यासमोर उभे राहिले की शुद्ध, जोडाक्षरांसकट. वर्गाबाहेर पाऊल पडलं की नाय, हाय, आमी, तुमी. ते तिथल्याच कुणबी घरातले, त्यांच्या वाडीतून शिकून मास्तर झालेले पहिलेच. पण एखाद्या पोराला काही समजेनासं झालं की वर्गातही त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची. म्हणायचे, "पुस्तकाचं ऱ्हाऊ दे. मी सांगतंय तसं बघ."

रोज दुपारी सावली मोजण्याचं हे व्रत त्यांनी सात वर्षं चालवलं होतं. सावली आखूड होत होत जिथे आखूड व्हायची थांबते, ती त्या दिवसाची खरी दुपार. घड्याळ शाळेत नव्हतंच. पावसाळ्यात ढग असले की ते वहीत नुसतं 'ढग' असं लिहायचे, पण बांबूपाशी जाऊन उभे मात्र राहायचे. लोक त्यांना सावलीमास्तर म्हणत. शेतकरी बांधावरून ओरडून विचारत, "मास्तर, सावलीला इचारा, पाऊस कवा?" ते न चिडता उत्तर द्यायचे, "सावलीला फक्त सूर्याचं ठावं. पाऊस वाऱ्याच्या हातात हाय, नि वारा माझ्या शाळंत येत नाय."

ऋतू का होतात, हा धडा चौथीच्या भूगोलात जेमतेम पानभर होता. मास्तर तो पंधरा दिवस शिकवायचे. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून वर्गात अंधार करायचा, मध्ये कंदील ठेवायचा. वाळलेल्या भोपळ्यातून छत्रीची काडी आरपार घालून ती तिरपी धरायची आणि भोपळा कंदिलाभोवती फिरवायचा. अट एकच. उत्तरेच्या भिंतीत एक खुंटी होती. वर्गभर कुठेही असा, काडीचं वरचं टोक त्या खुंटीकडेच राहिलं पाहिजे. एका बाजूला गेलं की भोपळ्याचा वरचा भाग दिव्याकडे वाकलेला दिसायचा, समोरच्या बाजूला गेलं की दिव्यापासून कललेला. "भोपळा तोच, दिवा तोच," मास्तर म्हणायचे. "सगळी गंमत कलण्याची. पृथ्वी सरळ उभी असती, तर पोरांनो, तुमाला ना थंडी ना उन्हाळा. एकच दिवस रोज आला असता."

त्यावरून एकदा मोठं रामायण झालं. तपासणीला आलेल्या साहेबांनी एका पोराला विचारलं, उन्हाळ्यात गरम का होतं? पोरगं भेदरलं आणि म्हणालं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. साहेब म्हणाले, शाबास. मास्तर फळ्यापाशी हात जोडून उभे होते, ते तसेच हात जोडून म्हणाले, "साहेब, शाबासकी मागे घ्यावी. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीत, आपण शेकोटी पेटवतो तेव्हा." साहेबांचा चेहरा पडला. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षक वाद घालतो.' मास्तरांनी तो शेरा मला वाचून दाखवला आणि म्हणाले, "खरं लिवलंय की."

वैशाखात एक दिवस असा येतो की आमच्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि बांबूची सावली नाहीशी होते. त्या दिवशी सुट्टी असली तरी मास्तर अंगणात हजर असायचे. त्यांची बायको सगुणाबाई गुळाचं पाणी घेऊन यायची. मला तिथे रुजू होऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा त्याच दिवशी कातकरवाडीची माणसं कामावरून परतत होती. दिवाळी झाली की मुकादम यायचा आणि ती सगळी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर घेऊन जायचा. पार तिकडे शहापूरच्या पलीकडे, उंबरमाळीच्या जंगलात. परत यायची ती पावसाच्या तोंडावर. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या, अंगभर कोळशाची काजळी. त्या रांगेतून नऊ-दहा वर्षांची एक पोर बाजूला आली, बांबूभोवती एक फेरी मारली आणि मास्तरांना म्हणाली, "ह्याची सावली कुनी खाल्ली?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तो प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता.

तिचं नाव बुधी. पाऊस सुरू झाला तशी ती शाळेत आली. म्हणजे शाळेच्या ओटीवर. वाडीची पोरं आत बसत नसत, बाहेर ओटीवर बसून आतलं ऐकत, आणि दोन-चार दिवसांत कंटाळून येईनाशी होत. बुधी येत राहिली. पण कंदिलाचा धडा ओटीवरून दिसणार कसा? खिडक्यांना तर घोंगड्या. मास्तर दारात आले आणि म्हणाले, "चल आत. भोपळा तूच धर." आतल्या काही पोरांनी घरी जाऊन ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाटलांचा माणूस शाळेत येऊन गेला. मास्तरांनी त्याला ऐकवलं, "अंधारात कोन कुठं बसलाय ते मला दिसत नाय." त्या वेळी ते निभावून गेलं.

भोपळा धरून ती कंदिलाभोवती फिरली. काडीचं टोक एकदाही खुंटीवरून ढळलं नाही. मास्तरांनी विचारलं, "उन्हाळा कशाने होतो?" ती म्हणाली, "भोपळा दिव्याकडं वाकतो त्यानं." "शाबास. आणि हिवाळा?"

"मुकादम आला की."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मास्तर हसले नाहीत. ते घोंगड्या काढायला लागले.

दोन वर्षं ती अशी आली, पावसाळ्यापुरती. अक्षरं ती भराभर शिकली, पण आमच्या दोघांच्या लक्षात राहिली ती तिची सावलीची ओढ. दुपार झाली की ओटीवरून उठून बांबूपाशी उभी. मास्तर मोजायचे आणि ती दोरीचं दुसरं टोक धरायची. ढग असले तर तीच सांगायची, "लिवा गुरुजी, ढग." थंडीत सावली लांब होते हे तिने वहीत पाहिलं होतं, पण शाळेच्या अंगणात प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि एका सकाळी ती बापाला घेऊन शाळेत आली. बाप गोमा, अबोल माणूस. अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. बुधीच बोलली.

"गुरुजी, औंदा मी हितंच ऱ्हाऊ? सावली लांब होती कशी नि मागं फिरती कशी, ते बघायचंय मला."

मास्तरांनी गोमाकडे पाहिलं. गोमा म्हणाला, "आयशीनं तिच्या व्हय म्हटलंय. तुमच्या पडवीत ऱ्हाईल. काम करील. शिकली तर शिकली."

मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो."

संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या पायरीशी आले. मी पाटलांच्याच आवारात एका खोलीत एकटी राहायची. मास्तर कधी पायरी चढायचे नाहीत. खाली उभे राहूनच म्हणाले, "बाई, सगुणा तर ठेव म्हनते. पण आमचं पानी पाटलांच्या विहिरीचं. शाळंत अंधार केला तसा विहिरीवर करता येत नाय. तुमच्याकडं म्हटलं, बाईमाणूस, एकटं घर, सोबत म्हणून ठेवली, तर कोनी बोलायचं नाय."

मला अजून आठवतं, मी तांदूळ निवडत होते आणि सूप खाली ठेवलं नाही. खोली पाटलांची होती. मी विधवा, परगावची. त्या आवारात माझं नाव स्वच्छ होतं आणि तेवढंच माझ्याजवळ होतं. मी म्हटलं, "पाहू. दोन दिवस द्या मला."

"दोन दिवस," ते म्हणाले. "बरं."

त्या दोन दिवसांत मी काही केलं नाही. पाटलीणबाईंकडे विषय काढायला म्हणून एकदा गेले आणि लोणच्याबद्दल बोलून परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माझ्या उत्तराला न थांबता वाडीत गेले. वाडीतल्या प्रत्येक झोपडीच्या तोंडाला काट्याची फांदी लावलेली होती. मुकादम ठरल्याच्या एक दिवस आधीच येऊन वाडी घेऊन गेला होता.

ते शाळेत आले, हजेरी घेतली, धडा घेतला. दुपारी सावली मोजली. त्यांनी मला त्याबद्दल त्या दिवशी विचारलं नाही, पुढेही कधी नाही, आणि त्या न विचारण्याला काय म्हणावं ते मला आजवर कळलेलं नाही.

नंतर सगुणाबाई एकदा विहिरीवर मला म्हणाली, "मी पडवी सारवून ठेवली व्हती, बाई. चटईबी टाकली. हे म्हनले, थांब, बाई बघते म्हनल्यात."

पुढच्या वैशाखात वाडीची माणसं परतली. मास्तर अंगणातच होते. रांग पुढे गेली. गोमा मागे राहिला, अंगणात येऊन कडेला बसला. एकटाच. मास्तरांनी त्याच्या मागे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

"माघात ताप आला," गोमा म्हणाला. "तीन दिस. तिथंच मोहाखाली ठिवली."

मग त्याने गाठोडं सोडून हातभर लांब एक काठी पुढे ठेवली. तिला ओळीने दोऱ्या बांधलेल्या होत्या. झाडाच्या सालीच्या, हाताने वळलेल्या, प्रत्येक वेगळ्या लांबीची.

"भट्टीपाशी वासा रवला व्हता तिनं. दर बाजाराच्या दिशी, दुपारी, सावली पडंल तेवढी दोरी कापायची नि हिला बांधायची. मला म्हनली व्हती, गुरुजीस्नी दे. आता काय हाय त्यात ते तुमी बघा."

मास्तरांनी काठी ओटीवर आडवी ठेवली आणि दोऱ्या एकेक करून सरळ केल्या. बारा दोऱ्या होत्या. पहिली सगळ्यात आखूड, दुसरी तिच्याहून चार बोटं लांब, तिसरी आणखी लांब. सातवी सर्वांत लांब होती. आठवी तिच्याहून किंचित कमी. नववी, दहावी, अकरावी उतरत गेलेल्या. बारावीनंतर काठी मोकळी होती.

"फिरली," मास्तर म्हणाले. "तिनं फिरताना बघितली."

गोमाला ते समजलं नाही. तो म्हणाला, "सातवी बांधली त्याच्या फुडल्या बाजाराला लई नाचली. आई म्हनली, येडी झाली का? तर म्हनं, आता गरम व्हनार."

मास्तरांनी वही आणली. त्याच आठवड्यांचे आकडे काढले, दोऱ्यांच्या लांबीशी ताडून पाहिले. तिचा वासा त्यांच्या बांबूएवढाच उंच निघाला. एका बोटाचाही फरक नव्हता कुठे. ते पानं उलटत राहिले. बाहेर दुपार झाली. बांबूची सावली बुडाशी गोळा होऊन नाहीशी झाली आणि मास्तर उठले नाहीत. मी एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. शेवटी मीच उठले, अंगणात गेले आणि तिथे मोजायला काही नाही हे पाहून परत आले. ते वही मांडीवर घेऊन रडत होते. आवाज नव्हता. गोमा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. ज्याची पोर गेली तोच.

त्यानंतर मास्तरांनी मोजणी सोडली. वही सगुणाबाईने कपाटात ठेवली. कंदिलाचा धडा ते त्या वर्षी पुस्तकातून वाचून संपवून मोकळे झाले. पोरांनी विचारलं, गुरुजी, भोपळा? तर म्हणाले, "फुटला."

दिवाळीच्या सुट्टीत ते गोमाबरोबर उंबरमाळीच्या जंगलात जाऊन आले. तिथे काय पाहिलं ते त्यांनी एवढंच सांगितलं, "बाई, तिथं पन्नास पोरं हायत. धुरात." मग त्यांनी बदलीचा अर्ज केला. त्या जंगलाकडच्या गावी जायला कोणी मास्तर तयार नसे, त्यामुळे अर्ज लगेच मंजूर झाला. जाताना गाव वेशीपर्यंत आलं. पाटीलही आले. मी काहीतरी बोलायचं ठरवून गेले होते. सगुणाबाईच्या हातात दशम्यांची शिदोरी दिली आणि परत आले.

पुढची पाच-सहा वर्षं त्यांच्याबद्दल कानावर येत राहिलं ते तुकड्यातुकड्याने. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळेना, कागद मिळेना. ते पोरांना कोळशाने दगडावर लिहायला शिकवतात. शाळा सुटली की दोन कोस चालत भट्ट्यांवर जातात. त्यांना थंडीताप जडलाय. वरच्यांशी भांडण झालं. हे भांडण मला नंतर सगुणाबाईकडून कळलं. मास्तरांनी अर्ज दिला होता की वाडीची पोरं अर्धं वर्ष इकडे आणि अर्धं वर्ष तिकडे असतात, तर शाळेनेही त्यांच्याबरोबर जावं. मास्तर एकच, फळा एकच, जागा दोन. साहेबांनी विचारलं होतं, "शाळा कधी चालत जाते का हो, भोईर?" मास्तर म्हणाले होते, "जमीन फिरते साहेब, मग शाळंला काय झालं?" अर्ज परत आला. त्यांनी नोकरी सोडली.

माझीही तोवर शहापूरला बदली झाली होती. लढाई संपली त्या वर्षीचा कार्तिक. सकाळी शाळेत निघाले होते. रस्त्याने कातकऱ्यांचा तांडा कसाऱ्याच्या दिशेने चालला होता. गाठोडी, मडकी, कोंबड्या, टोपलीत तान्ही पोरं. मी वाट द्यायला कडेला उभी राहिले आणि तांड्याच्या शेवटी मला भोईर मास्तर दिसले.

मी त्यांना आधी ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, डोळे पिवळे, धोतर गुडघ्यापर्यंत. पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला, त्यात पाट्या खुळखुळत होत्या. एका हाताने आठेक वर्षांच्या पोरीचं बोट धरलेलं. मी हाक मारली, "मास्तर!"

ते थांबले. तांडा पुढे चालत राहिला.

"बाई! हितं हाव होय तुमी?"

"तुम्ही असे... ताप आहे का अंगात?"

"असतो थोडा. दुपारनंतर उतरतो."

"सगुणाबाई?"

"गावाकडं. माझ्या भावाकडं. थंडीत तिला तिकडचा धूर सोसत नाय."

सहा वर्षं मी एक वाक्य मनात घोळवत होते. किती वेळा एकटीने बसून ते मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. मास्तर, ते दोन दिवस माझे होते. एवढंच. ते माझ्यासमोर तीन हातांवर उभे होते, कधीही उलट बोलले नसते, आणि माझ्या तोंडून निघालं ते, "परत कधी येणार?"

"ही येतील तवा," ते म्हणाले. तांड्याकडे पाहून हात जोडले. "चला. फुडं गेली मंडळी."

त्याच फाल्गुनात भट्टीवर ताप डोक्यात जाऊन ते गेले. निरोप मला महिन्याने कळला. त्यांनाही तिथेच ठेवलं असं गोमाकडून समजलं. कुठे, ते मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याची खंत आता आणखी एका खंतीशेजारी जाऊन बसली आहे.

त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून माझ्याजवळ आहे ती त्या सकाळची रस्त्यावरची पाठ. ते तांडा गाठायला भराभर चालत होते, डबा खुळखुळत होता. वळणापाशी त्यांच्या हाताला धरलेल्या पोरीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग तिने त्यांचा हात ओढून काहीतरी विचारलं. माझ्याबद्दलच असणार, कारण पुन्हा एकदा तिने बोट माझ्याकडे केलं. मास्तर चालता चालता थोडे वाकले आणि तिला उत्तर दिलं. दोघं वळणाआड गेली.

त्यांनी तिला काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही.